प्लास्टरच्या आधी

“बाई, हातोडा ठेवा खाली!” मी दारातून ओरडलो. केसरबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुसरा घाव घातला.

ताज्या गिलाव्याचा मोठा पोपडा निघून माझ्या पायाशी फुटला. पदर कमरेला खोचलेला, केसांत सिमेंटची धूळ, डाव्या हातात छिन्नी आणि उजव्या हातात हातोडा. नव्या वर्गाच्या समोरच्या भिंतीत त्या जमिनीपासून वर सरळ खाच पाडत निघाल्या होत्या. शनिवारची सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. घरी जायचं सोडून मुलं पटांगणाकडच्या खिडकीच्या गजांना लटकली होती आणि प्रत्येक घावाला टाळ्या पिटत होती. शिकवणाऱ्या बाईच शाळा फोडताहेत, याहून चांगला शनिवार त्यांना कुठून मिळणार!

मी याच शाळेत गणित शिकवतो. पेणहून रोज मोटारसायकलने येतो, संध्याकाळी परत जातो, गावच्या भानगडीत पडत नाही. निदान तसं मी घरी सांगत असतो. त्या दिवशी मी भानगडीच्या उंबऱ्यात उभा होतो आणि आत जावं की मुलांना हाकलावं हे मला सुचत नव्हतं.

तेवढ्यात जीवन आला. गाडी स्टँडवर न लावता तशीच आडवी टाकून आत घुसला. वरच्या आळीचा हा जीवन पाटील. या खोलीचं बांधकाम आणि गिलावा त्याच्याकडे होता.

“बाई, डोका फिरलाय का तुमचा? काल गिलावा झालाय! अजून पानी मारतोय मी त्याला!”

“म्हणून तर आज फोडतेय. सुकल्यावर फोडायला जास्त ताकद लागते.” बाईंचा आवाज घोगरा होता, मधेच चिरकत होता. “तुला किती वेला बोलले, पायपाबिगर गिलावा करू नको?”

“पाईप आमचा काम न्हाय.”

“भिंत तर तुझी हाय ना?”

जीवनने हातोड्याचा दांडा धरला. बाईंनी सोडला नाही. दोघं त्या दांड्याला धरून एकमेकांना ओढत राहिले, भिंतीवर आपटले, आणि त्या झटापटीत छिन्नी सटकून बाईंचा तळवा फाडून गेली. ओल्या गिलाव्यावर रक्ताचा ओघळ उतरला. मुलांच्या टाळ्या थांबल्या.

जीवन त्यांचाच विद्यार्थी. रक्त पाहून त्याचा चेहरा क्षणभर सातवीतल्या पोरासारखा झाला. पण गावात बाईने मारलेली खाच राहू दिली, तर उद्या आळीत तोंड दाखवायची सोय नाही. त्याने हातोडा हिसकला आणि दाराबाहेर भिरकावला. तो पाण्याच्या निळ्या पिंपावर आदळला. पिंप फुटून सगळं पाणी पटांगणात पसरलं.

“आबांना बोलवतो,” जीवन म्हणाला. “काय तो निवाडा त्यांनीच करू दे.”

बाईंनी हाताला पदर गुंडाळला. पाईपसाठी एवढा हट्ट का, ते त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही. त्यामागचं कारण त्या गावात फक्त मला आणि त्यांच्या नवऱ्याला माहीत होतं.

आमची शाळा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. आधी शाळा होती, मग रस्ता आला, मग रस्ता रुंद होत होत शाळेच्या कुंपणाला टेकला. दिवसभर कंटेनरचे ट्रेलर जात असतात. डोक्यावर पत्रा, भोवती नुसत्या भिंती. ट्रेलरचा हॉर्न आत शिरला की या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बसतो. अशा खोलीत शिकवायचं म्हणजे ओरडायचं. मी गणितवाला, फळ्यावर आकडे मांडून वेळ मारून नेतो. केसरबाई मराठी आणि विज्ञान शिकवतात. शेवटच्या बाकापर्यंत शब्द गेलाच पाहिजे हा त्यांचा हट्ट. शेवटच्या बाकाला शाळेत उशिरा पोहोचणारी पोरं बसतात, त्यातली बहुतेक गावातली सगळ्यात गरीब. बाई त्यांच्यासाठी ओरडत आल्या. इतकी वर्षं ओरडल्या की घशात गाठी आल्या.

मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने त्या मुंबईच्या सरकारी रुग्णालयात गेल्या होत्या. डॉक्टरने आत नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, आणखी एक वर्ष असंच ओरडलात तर आवाज जाईल आणि परत येणार नाही. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच ध्यास होता, नवी खोली. बंदरातल्या कंपनीच्या समाजकार्याच्या पैशातून शाळेला एक मोठी पक्की खोली मंजूर झाली होती. पाया खणायच्या आधीच बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं. फळ्याची भिंत रस्त्याच्या बाजूला येते, म्हणून तिला खिडकी नको. खिडकीतून हॉर्नही येतो आणि ऊनही येतं, मग पडद्यावरचं चित्र कुणाला दिसत नाही. भिंतीच्या आत पाईप टाका, म्हणजे प्रोजेक्टरची, स्पीकरची वायर आतून जाईल. स्लॅबखाली सभागृहात असतात तसे भोकाभोकांचे पांढरे चौकोन लावा, म्हणजे आवाज घुमणार नाही. आणि एक माईक द्या. इतकंच.

वायर वरून टाकून चालत नाही हे त्या अनुभवाने सांगत होत्या. गेल्या वर्षी पत्र्याच्या खोलीत जमिनीवरून वायर नेली होती. एका मुलीचा पाय अडकला, ती तोंडावर आपटली, तिचा दात पडला आणि प्रोजेक्टर टेबलावरून खाली येऊन त्याचे तुकडे झाले. देणगीत मिळालेला तो एकच प्रोजेक्टर होता. त्याच्या आधी भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीतून नेलेली वायर उंदरांनी खाल्ली होती.

कंपनीच्या इंजिनिअरने मान डोलावली. शाळा चालवणाऱ्या संस्थेने मान डोलावली. आमच्याकडे मान डोलवायला कुणी कमी करत नाही.

पण या गावात कामाची एक रीत आहे. बंदर आलं, गोदामं आली, कामं आली, आणि कुणाला कुठलं काम यावरून पहिल्या काही वर्षांत इतकी डोकी फुटली की म्हाताऱ्यांनी बसून आळीवार वाटणी ठरवली. बांधकाम आणि गिलावा वरच्या आळीचा. लाईट आणि रंग खालच्या आळीचा. एका आळीने आपलं काम संपवून नारळ फोडल्याशिवाय दुसऱ्या आळीचा माणूस त्या जागेत पाय ठेवत नाही. मारामाऱ्या टाळायला ही रीत उत्तम होती. फक्त त्या म्हाताऱ्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं की पाईप भिंतीच्या आत असतो. भिंत वरच्या आळीची आणि पाईप खालच्या आळीचा, मग तो आत जाणार कसा? आजवर त्यांची सगळी घरं, सगळी गोदामं, देवळाचा सभामंडपसुद्धा असाच बांधला गेला आणि वायरी वरून लोंबत राहिल्या. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घशाला विश्रांती म्हणून डॉक्टरने बाईंना काही दिवस मौन धरायला सांगितलं होतं, म्हणून त्या रजेवर होत्या. नेमक्या त्याच दिवसांत जीवनच्या माणसांनी भिंत उभी केली, फळ्याच्या भिंतीला भलीमोठी खिडकी ठोकली आणि वर गिलावा थापला. बाई कामावर आल्या त्या शनिवारी. त्यांनी खिडकी पाहिली, गिलावा पाहिला आणि गवंड्यांच्या सामानातून हातोडा उचलला.

घशाचं हे सगळं गावाला सांगून टाका, असं मी त्यांना म्हणालो होतो. त्यांनी मला हळू आवाजात झापलं. “संस्था दर वर्षी नव्याने नेमणुकीचं पत्र देते मला, सर. घसा गेलेली बाई कोण ठेवेल? मी शिकवायचं सोडलं तर काय करू? मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही.”

रविवारी शाळेच्या ओसरीवर बैठक बसली. मधोमध काळूराम आबा, संस्थेचे अध्यक्ष. जन्म मिठागरात गेलेला, तळपायाची कातडी अजून पांढरी. एका बाजूला वरची आळी, दुसऱ्या बाजूला खालची. खालच्या आळीच्या पुढे अल्पेश, लाईटचं काम घेणारा. तोही बाईंचाच विद्यार्थी. जीवनचं आणि त्याचं तोंड दोन दिशांना.

“आबा, गोष्ट साधी हाय,” जीवन म्हणाला. “बाई खालच्या आळीच्या. अल्पेश खालच्या आळीचा. भितीत पाईप म्हंजे त्याचा काम वाढला. आमची भित फोडून त्याचा फायदा.”

“तोंड सांभाल हां,” अल्पेश उठला.

“बस, बस खाली!” आबांनी काठी आपटली. “बाय, तू बोल.”

बाई उठल्या. त्यांनी सगळ्यांना खुणेने उठवलं आणि पत्र्याच्या जुन्या वर्गात नेऊन बसवलं. मिशीवाले, पोटवाले बापये चिमुकल्या बाकांत कोंबून बसले. जीवनला त्यांनी बोट दाखवून शेवटच्या बाकावर पाठवलं. मग टेबलावर मोबाईल ठेवला, त्याला छोटा स्पीकर जोडला आणि श्वासोच्छ्वासाचा धडा लावला. बाहेर ट्रेलर जात होते. पत्रा थरथरत होता. धडा संपेपर्यंत त्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

“काय ऐकलंस?” त्यांनी जवळ जाऊन जीवनला विचारलं.

जीवन डोकं खाजवत राहिला. खोटं बोलायची संधी होती. पण वर्गात बसल्यावर माणसाचं काय होतं कुणास ठाऊक.

“काय पन आयकू न्हाय आला, बाई.”

“तुझी लेक मनाली तिथंच बसते. त्याच बाकावर.”

आबांनी काठीच्या मुठीवर टेकलेली हनुवटी उचलली. शेवटी म्हणाले, “उद्या दोनी आळ्यांनी एकदम कामाला जावा. जीवन, तू खिडकी बुजव. अल्पेश, तू खाच मारून पाईप टाक. वरून जीवनच गिलावा करेल.”

“एकदम?” दोन्ही बाजूंनी एकच आवाज आला. “असा कवा झाला न्हाय, आबा.”

“मग आता व्हईल,” आबा म्हणाले.

मला वाटलं, सुटलं. मी पेणचा आहे, मला या गावातल्या जुन्या रागांची चव नाही. बाईंना होती. घरी जाताना त्या मला म्हणाल्या, “उद्या मुलांना त्या खोलीकडे फिरकू देऊ नका.”

सोमवारी सकाळी नव्या खोलीत पहिल्यांदा दोन्ही आळ्यांची माणसं एका छपराखाली आली. एकमेकांकडे पाठ करून कामाला लागली. अल्पेशने कटर चालू केला आणि भिंत किंचाळायला लागली. धुळीचा लोट उठला तो थेट खिडकीत विटा रचणाऱ्या वरच्या आळीवर. जीवनचा चुलतभाऊ हिरामण खोकत खोकत म्हणाला, “आमच्या भितीची चाळन करून टाक एकदाची.”

“तुमाला डोले असते तर करायला लागली नसती,” अल्पेश कटर बंद न करता म्हणाला.

हिरामणने थापीभर सिमेंटचा माल त्याच्या तोंडावर मारला.

पुढचं मी शेजारच्या वर्गाच्या दारातून पाहिलं. अल्पेशने कटर फेकला, तो जमिनीवर गरगर फिरत एकाच्या पायाचं मांस उडवून गेला. पहिली वीट कुणी उचलली हे दोन्ही आळ्या आजही वेगवेगळं सांगतात. वीट हिरामणच्या कपाळावर बसली. मग फावडी आली. घमेली डोक्यात बसायला लागली. विटांचे तुकडे उडाले. परांचीचा बांबू कुणीतरी उपसला आणि वरचा माणूस सिमेंटच्या गोणींवर कोसळला. माणसं एकमेकांचे गळे धरून भिंतीवर आपटत होती, ओल्या मालात लोळत होती, आणि शिव्या अशा की मी माझ्या वर्गाच्या खिडक्या लावल्या, मुलांना सतराचा पाढा जोरजोरात म्हणायला लावला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. हे गाव शहाणं आहे, कष्टाळू आहे, पाहुण्याला उपाशी पाठवत नाही. पण हात सुटला की इथल्या माणसाला समोर भाऊ आहे की भिंत आहे हे दिसत नाही. त्या क्षणी मला सगळ्यांना एका रांगेत उभं करून कानाखाली जाळ काढावासा वाटला.

केसरबाई त्यांच्या वर्गातून धावत आल्या. मी “बाई, नका!” म्हणेपर्यंत त्या आत शिरल्याही होत्या. जखमेचा हात बांधलेला, तोच पुढे करून त्या अल्पेश आणि जीवनच्या मधे उभ्या राहिल्या. कुणाचा तरी कोपर त्यांच्या छातीत बसला. त्या मागे विटांच्या ढिगावर पडल्या.

नेमक्या त्याच वेळी रस्त्यावरून सदाचा ट्रेलर आला.

सदा म्हणजे बाईंचा नवरा. बंदरातून कंटेनर काढून पळस्प्याकडे नेतो. गरीब माणूस. शाळेसमोर आला की कधी हॉर्न वाजवायचा नाही, मागून कितीही शिव्या पडोत. अर्धवट बुजवलेल्या खिडकीतून त्याने बायकोला पडताना पाहिलं. भर रस्त्यात ब्रेक दाबला, मागच्या गाड्यांचे टायर किंचाळले. चाकाचे नट खोलायची लोखंडी टॉमी हातात घेऊन तो खिडकीच्या भोकातूनच आत उडी मारून आला. नव्या रचलेल्या विटा त्याच्याबरोबर कोसळल्या.

त्याच्यासमोर पहिला आला तो जीवन. बाईंना जीवनने पाडलं नव्हतं, पण ते सदाला कोण सांगणार? त्याने पहिला फटका खांद्यावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मी बाहेर ऐकला. जीवन गुडघ्यावर आला. सदाने टॉमी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. आता ती जिथे उतरणार होती तिथे जीवनचं उघडं डोकं होतं, आणि सगळी खोली ते पाहत होती. कुणी हललं नाही.

“सदाऽऽऽ!”

ती किंकाळी मी आयुष्यात विसरणार नाही. पत्र्याच्या वर्गातली मुलं पाढा म्हणायची थांबली. रस्त्यावरच्या ट्रेलरांचे ड्रायव्हर खाली उतरले. लग्नातला उखाणा सोडला तर बाईंनी नवऱ्याचं नाव चारचौघांत घेतलेलं गावात कुणी ऐकलं नव्हतं. “अहो” म्हणायच्या, नाहीतर “आमचे हे”. ते नाव त्यांच्या तोंडून इतक्या जोरात निघालं की सदाचे हात वरच थिजले. त्याने वळून पाहिलं. मग टॉमी हळूहळू खाली आली आणि त्याने ती बाजूच्या मालाच्या ढिगात टाकून दिली.

बाई विटांवर बसल्या होत्या. एक हात गळ्यावर. तोंड उघडं होतं, ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. नुसता वारा बाहेर आला. सदा त्यांच्यासमोर मटकन बसला आणि ढसाढसा रडायला लागला, आणि तेव्हा मला कळलं काय झालंय ते. मग मीच मोठ्याने ओरडून सगळ्यांना सांगितलं. घशातल्या गाठी, डॉक्टर, एक वर्ष, माईक, सगळं. आता लपवून कुणाचं काय भलं होणार होतं?

रक्ताने माखलेल्या, मालाने थापलेल्या त्या माणसांनी ते ऐकून घेतलं. जीवन मोडलेला खांदा धरून बसला होता. “बाई, मना बोलला पायजे व्हता,” तो एवढंच म्हणाला. “एकदा बोलला पायजे व्हता.”

मला संताप आला. “सांगितल्याशिवाय ऐकू येत नाही का रे तुम्हाला?” मी त्याच्यावर खेकसलो.

हवालदार रुग्णालयात येऊन गेला. दोन्ही आळ्यांनी त्याला एकच सांगितलं, पायरीवरून घसरलो. इतकी माणसं एकाच पायरीवरून घसरलेली त्याने आजवर पाहिली नसावीत. जीवननेही तेच सांगितलं, सदाचं नाव घेतलं नाही. हवालदाराने चहा घेतला आणि गेला.

मुंबईच्या डॉक्टरने बाईंच्या घशात पुन्हा नळी घातली. आत रक्त फुटलं होतं. कुजबुजीपुरता आवाज राहील, त्यापलीकडे आशा ठेवू नका, असं तो म्हणाला. त्यांना आणायला मी मोऱ्याच्या धक्क्यावर गेलो होतो. लाँचमधून उतरल्यावर त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून पहिला प्रश्न विचारला, “पाईप टाकला?”

टाकला होता. हात गळ्यात बांधून जीवन खुर्चीवर बसला होता आणि त्याची माणसं खिडकी बुजवत होती. शेजारी अल्पेश कपाळावर पट्टी लावून भिंतीत पाईप बसवत होता. बोलत नव्हते एकमेकांशी. समेट वगैरे काही झाला नव्हता, होणारही नाही. पण अल्पेश “हां” म्हणाल्याशिवाय जीवनचा गवंडी थापी उचलत नव्हता. स्लॅबखाली पांढरे चौकोन लागले. दोन्ही कोपऱ्यांत स्पीकर आले. वायरचं एक टोकसुद्धा बाहेर दिसत नव्हतं.

आता प्रश्न बाईंचा होता. संस्थेच्या बैठकीत कुणी वाईट बोललं नाही, ते सगळ्यात वाईट होतं. सगळे हळहळले. बाईंनी खूप केलं म्हणाले. शाल आणि नारळ देऊ म्हणाले. शाल आणि नारळ म्हणजे घरी बसा. कुजबुजणाऱ्या बाईकडे शिकायला कोण पोर पाठवणार, असं एकजण म्हणाला, आणि त्याचंही चूक नव्हतं. आबांनी सगळ्यांना हाताने थांबवलं. मग म्हणाले, “पयले खोली बघू. मग बोलू.”

खोलीत पहिला वर्ग भरला त्या दिवशी आबा, जीवन आणि संस्थेची माणसं मागे उभी राहिली. जागा नव्हती, म्हणून मी दारात. बाई आत आल्या. कानाला अडकवून ओठांपाशी येणारा छोटा माईक त्यांनी लावला होता. शाल आणि नारळ बाहेरच्या टेबलावर तयार होते, ते मला दारातून दिसत होते. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. बाहेर ट्रेलरची रांग लागली होती. भिंतीपलीकडे त्यांची नुसती घरघर ऐकू येत होती.

बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

“अमिषा.”

आवाज नव्हताच तो. श्वासालाच शब्दाचा आकार दिलेला होता. पण तो दोन्ही कोपऱ्यांतून आला, कुठेही आपटला नाही, फुटला नाही, आणि खोलीभर पसरला. कानाशी येऊन कुणीतरी आपल्यालाच सांगावं तसा. अमिषा पहिल्या बाकावर होती. ती उठली. रोजच्यासारखं ओरडायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

“हजर, बाई,” ती कुजबुजली.

“सिद्धेश.”

“हजर, बाई.”

मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. एकेक नाव पुढे जात राहिलं, एकेक मूल उठून कुजबुजत राहिलं. या शाळेतली मुलं, जी एकमेकांना पेन्सिल मागायची तरी किंचाळायची. आबांनी काठी जमिनीवर टेकवली तीसुद्धा जपून.

“मनाली.”

शेवटच्या बाकावरची पोर उठली. तिच्या मागेच तिचा बाप उभा होता, हात अजून गळ्यात बांधलेला. आपल्या लेकीला बाईंचं बोलणं ऐकू गेलं की नाही हे पाहायला तो नकळत पुढे वाकला.

“हजर, बाई,” मनाली म्हणाली, इतक्या हळू की तिच्या शेजारणीलाही ऐकू गेलं नसावं. बाईंनी पुढून मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.

हजेरी संपली. बाई फळ्याकडे वळल्या आणि धड्याचं नाव लिहायला लागल्या. जीवन दाराकडे आला आणि मोकळ्या हाताने त्याने मला बाजूला सारलं. बाहेर पडल्यावर त्याने मागे वळून दार ओढून घेतलं, आणि लोंबत्या कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती बोटाने धरून अलगद खाली सोडली.